सांडलेला डबा

अंबादास पिंपळघरे दारू प्यायचा तेव्हाही लोकांना आवडायचा, आणि हीच त्याच्या घरच्यांची खरी पंचाईत होती.

जबलपूरच्या मराठी माणसाला नाटकाचं वेड किती, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. दिवसभर फॅक्टरीत हिंदी, बाजारात हिंदी, पोरं शाळेतून येतात ती 'मम्मी, भूख लगी है' करत येतात, आणि सासूबाईसुद्धा सुनेला रागवायला मराठीत सुरुवात करून 'अच्छा, चलो छोडो' वर येऊन थांबतात. पण गणपती बसले की मंडळाच्या हॉलमध्ये मराठी नाटक झालंच पाहिजे. ज्याला धड दोन वाक्यं सलग मराठीत बोलता येत नाहीत त्यालाही त्यात पार्ट हवा असतो. अशा या मंडळात कितीतरी वर्षं अंबादास म्हणजे नाटक आणि नाटक म्हणजे अंबादास असं समीकरण होतं. तो नुसता विंगेतून डोकावला तरी मागच्या रांगेतली म्हातारी मंडळी खुर्चीत सरसावून बसायची. एका वर्षी स्वारी इतकी झोकून आली की स्टेजवरच्या टेबलाला अडखळून फुलदाणीसकट खाली. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. म्हणाले, काय पडला राव! त्या टाळ्यांमध्ये त्याची बायको जया पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. शेजारी त्यांची एकुलती एक मुलगी प्रणोती, शाळकरी पोर, आईचा पदर बोटाला गुंडाळत होती.

मंडळाची एक रीत आहे. नाटक संपलं की मुख्य पार्ट करणाऱ्याला शाल-नारळ देतात, पण तो कोणा पाहुण्याच्या हातून नाही, घरच्या माणसाच्या हातून. बायको असो, आई असो, पोरगा असो. तालमी चालू असताना ज्यांनी घरी ताट झाकून वाट पाहिली, त्यांचा मान म्हणून. रीत चांगली आहे, नाही कोण म्हणतो? पण जयानं वर्षानुवर्षं त्याच्या खांद्यावर ती शाल घातली. तोंडाला वास येत असताना घातली, आदल्या दिवशी त्यानं भरलं ताट भिरकावलेलं असताना घातली. समोरचे लोक टाळ्या वाजवत राहिले. त्या बाईनं कधी कोणाजवळ तोंड उघडलं नाही. उघडून काय मिळणार होतं? 'वहिनी, कलावंत माणूस आहे, चालायचंच,' एवढंच ऐकायला मिळालं असतं.

मग जया आजारी पडली. पोटाचा आजार होता आणि तो बरा होणारा नव्हता. सरकारी दवाखान्यात तिला ठेवलं तेव्हा थंडी सुरू झाली होती. अन्न तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. चहा दिला की नको, पेज दिली की नको. प्रणोती तेव्हा बी.एड. करत होती, कॉलेज, घर आणि दवाखाना अशी तिची नुसती ओढाताण चालली होती. आणि एक दिवस सकाळी जया आपणहून म्हणाली, "प्रणू, मऊ खिचडी खावीशी वाटून राहिली गं. लिंबाच्या लोणच्याबरोबर."

पोरगी हरखली. घरी येऊन तिनं तूप घालून खिचडी केली, मीठ तीनदा चाखून पाहिलं, वाटीत लोणचं घातलं आणि डबा बांधला. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता, म्हणून डबा बाबांच्या हाती दिला. "बाबा, सरळ जा हं. गरम आहे तोवर द्या आईला," असं दोनदा बजावलं. अंबादास म्हणाला, "अगं, मी काय लहान आहे का?"

दवाखान्याच्या वाटेवर कलारी होती, देशी दारूचं दुकान. गार वारं सुटलं होतं, एक पव्वा घेऊ आणि निघू, असं त्यानं मनाशी ठरवलं. पिणाऱ्याचं ठरवणं ते. कलारीच्या मागच्या भिंतीशी बसला. ग्लास नव्हता म्हणून डब्यातली वाटी काढली. वाटीत लोणचं होतं, ते चाटून संपवलं. मग वाटी भरली. एक पव्वा संपला, दुसरा आणला. भूक लागली तशी खिचडीला हात घातला आणि डबा रिकामा होईस्तोवर खाल्ली. हे सगळं त्याला आठवत होतं. लोक म्हणतात ना, दारूत काही आठवत नाही? त्याला खिचडीची चवसुद्धा आठवत होती.

घरी येऊन त्यानं रिकामा डबा मोरीत ठेवला आणि प्रणोतीला म्हणाला, "आज तुझ्या आईनं सगळं खाल्लं बरं का. वाटी चाटूनपुसून." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. देवापाशी दिवा लावला तिनं. दुसऱ्या दिवशी पेपर देऊन ती धावत दवाखान्यात गेली, तर जया उशीवर मान वळवून म्हणाली, "काल डबा काहून नाही आला गं? मी वाट पाहिली."

त्यानंतर जयानं अन्न मागितलं नाही. आठवडा संपायच्या आत ती गेली.

प्रणोतीनं बापाला विचारलं होतं. एकदाच. आणि अंबादासनं तिच्या डोळ्याला डोळा न देता सांगितलं, "सायकल घसरली. डबा सांडला. तुला वाईट वाटू नये म्हणून तसं बोललो मी." प्रणोतीनं तो डबा आपल्या हातानं घासला होता. वाटीला कसला वास येत होता, हे तिला ठाऊक होतं. पुढे तिला नोकरी लागली, लग्न झालं, राइट टाउनमध्ये संसार थाटला, आणि बापाच्या घराची पायरी पुन्हा चढली नाही. बाप राहायचा त्या रांझीहून राइट टाउन किती लांब? ऑटोवाला चार-सहा गाणी वाजवून होत नाहीत तोवर पोचवतो. पण कित्येक वर्षांत त्या बापलेकींची दृष्टादृष्ट झाली नव्हती.

दारू पुढेही चालूच होती, हेही सांगितलं पाहिजे. बायकोच्या मरणानं माणूस शहाणा होतो, हे नाटकातच. अंबादास शहाणा झाला तो रक्ताची उलटी झाल्यावर, जिवाच्या भीतीनं. पण झाला. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायला लागला, आणि मग थेंबाला शिवला नाही. मीटिंगमध्ये सांगायचे, ज्यांना तुम्ही दुखावलंत त्यांच्याकडे जा, कबूल करा. तो दोनदा राइट टाउनला गेला. जावई विपुल, भला माणूस, त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली आणि खाली बघून म्हणाला, "बाबा, वो नहीं आ रही बाहर. सॉरी." अंबादास पाणी पिऊन परत आला.

त्याला आता दुसरं काही नको होतं. पेन्शन पुरत होती, गुडघे दुखत होते, तेही चालतंय. पोरीनं एकदा 'बाबा' म्हणावं, एवढ्याचसाठी जीव अडकला होता.

अशात मंडळात अपूर्व आला. सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याशा ऑफिसात अधिकारी, वय तिशीचं, उत्साह उतू चाललेला. त्यानं स्वतः नाटक लिहिलं होतं. दारुडा बाप, सोडून गेलेली मुलगी, शेवटी पश्चात्ताप आणि मुलगी बापाला घरी नेते, असं. म्हाताऱ्या मंडळींनी नाकं मुरडली. गणपतीत रडारड कशाला, म्हणाले. पण मंडळाचे सेक्रेटरी गुणवंतराव, अंबादासचे फॅक्टरीतले जुने दोस्त, त्यांनी अपूर्वला बाजूला घेऊन सांगितलं, "बापाच्या रोलसाठी माणूस शोधू नको. आहे आपल्याकडे."

अंबादासनं आधी कानावर हात ठेवले. मग ऐकून घेतलं. मग घरी जाऊन विचार केला, आणि त्याच्या डोक्यात शिरलं की पोरगी दारात उभं करत नाही, पण नाटकाला आली तर? मंडळाच्या नाटकाला कोणी ना कोणी ओढून आणतंच. जे दारात बोलता आलं नाही ते स्टेजवरून बोलता येईल. स्टेजवर तो कधी अडखळला नव्हता, म्हणजे बोलताना.

"काका," अपूर्व तालमीत म्हणाला, "माफीचा सीन पोकळ वाटून राहिला. नुसतं चुकलो, चुकलो. काहीतरी घडलेलं पाहिजे ना. एखादी अशी गोष्ट, की जी ह्या माणसाला झोपू देत नाही."

अंबादास बराच वेळ चहाच्या कपाशी चाळा करत राहिला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. जयाची खिचडीची इच्छा सांगितली, लोणचं सांगितलं, कलारी सांगितली, पव्वाही सांगितला. अपूर्वच्या हातातलं पेन थांबलं होतं. आणि ऐन जागी येऊन अंबादासच्या जिभेनं आपली जुनी वाट धरली. "निघालो तिथून. सायकल घसरली. आणि डबा... सांडला."

"बाप रे," अपूर्व म्हणाला.

मीटिंगमध्येसुद्धा तो 'सांडला' असंच सांगत आला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसली गत. स्वतःची समजूतही त्यानं घालून ठेवली होती. सांडला काय आणि खाल्ला काय, जयाच्या पोटात तर गेला नाही ना? मग फरक काय? अहो, फरक नाही कसा! सांडलेल्या डब्यासाठी माणसाला चारचौघांत रडता येतं. खाल्लेल्या डब्यासाठी कोणी रडू देत नाही.

अपूर्वनं सीन लिहिला आणि तो उत्तम झाला. खोटं कशाला बोला, पोरगा लिहायचा छान. मुलीचा पार्ट ऋचाकडे होता, इंजिनीअरिंगला शिकणारी, गोड पोर. मराठी कळायचं सगळं, जीभ मात्र वळायची नाही. शेवटचं वाक्य होतं 'चला बाबा, घरी चला', तर ती म्हणायची, "चलो ना बाबा, घर चला." अंबादास तिला हजारदा म्हणून दाखवायचा. 'घरी' वर जोर दे, बेटा. नुसतं 'चला' नाही, घरी बोलावून राहिली तू. एकदा तिनं ते इतकं बरोबर म्हटलं की अंबादास खरोखरच निघायला उठला.

"काका, तुमची मुलगी अशीच बोलते का?" तिनं भाबडेपणानं विचारलं.

"माहीत नाही गं," अंबादास म्हणाला. "आता तिचा आवाज कसा झाला, मला माहीत नाही."

प्रयोगाला आठवडा उरला असताना गुणवंतराव स्कूटरवरून उतरले ते मिशीत हसतच. "अंबादास, पेढे आण. राइट टाउनला जाऊन आलो. प्रणोती येऊन राहिली नाटकाला."

अंबादासनं भिंतीला हात टेकला. "कबूल झाली?"

"आधी नाही म्हणाली. मी म्हटलं, पोरी, हे नाटक तुझ्या बापाची स्वतःची कहाणी आहे. त्यानं त्यात आपला गुन्हा कबूल केला आहे. तर तिनं एकच विचारलं." गुणवंतरावांनी रुमालानं तोंड पुसलं. "म्हणे, काका, सगळं सांगून राहिले का ते? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, सगळं. मग म्हणाली, येते."

गुणवंतरावांना वाटलं, आनंदानं याचं तोंड असं झालं असेल. पोर काय ऐकायला येते आहे, हे त्या क्षणी अंबादासला मात्र लख्ख कळलं. तिला नाटक बघायचं नव्हतं. एवढी वर्षं ती एका शब्दासाठी अडून बसली होती आणि तो शब्द आता मिळेल म्हणून ती येत होती. सीनमध्ये तो शब्द नव्हता.

मग आठवडाभर तो अपूर्वला गाठायला बघत होता. अपूर्व कधी पडद्याच्या दोरीशी झटत असायचा, कधी लाइटवाल्याशी भांडत. "अपूर्व, त्या डब्याच्या सीनचं जरा..." असं अंबादासनं म्हटलं की तो म्हणायचा, "काका, तो सीन सोन्यासारखा आहे, हात नका लावू त्याला." आणि खरं सांगायचं तर अंबादासला तेवढं निमित्त पुरत होतं. सांगायचं असतं तर पडद्याची दोरी सोडवता सोडवताही सांगता आलं असतं. माणूस पव्वा सोडतो, पण आपली अब्रू आपल्या हातानं सोडणं फार अवघड जातं. त्यानं स्वतःला बजावलं, आयत्या वेळी स्टेजवर बोलू. एकच तर शब्द बदलायचा आहे.

रविवारी दुपारी चारचा प्रयोग. हॉल भरला होता, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकाव्या लागल्या. अंबादासनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिल्या रांगेत नाही, मध्येच कुठेतरी, कडेच्या खुर्चीवर ती बसली होती. एकटीच आली होती. मांडीवर हेल्मेट. चेहरा जयासारखा झाला होता, इतका की त्यानं फट बंद केली.

पहिला अंक कसा झाला, त्याला कळलं नाही. लोक हसायच्या जागी हसले. दुसऱ्या अंकात डब्याचा सीन आला. बाप गुडघ्यावर, समोर ऋचा, मागे दवाखान्याची खाट. अंबादास बोलत गेला. खिचडी, तूप, लोणचं. हॉलमध्ये कोणी खोकतही नव्हतं. कलारी आली, पव्वा आला. त्यानं मान वर केली तेव्हा प्रणोती पुढे झुकली होती. हेल्मेटवर दोन्ही हात, ओठ किंचित उघडे. तिची नजर त्याच्या तोंडावर खिळली होती. बोल रे, अंबादासनं स्वतःला म्हटलं. बोल, आत्ता बोल.

"सांडला!" त्याच्या तोंडून हंबरडा फुटला. "हातातून सांडला गं डबा! तुझी आई उपाशी राहिली!"

हॉलमध्ये हुंदके सुरू झाले. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी चष्मे काढले, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ऋचाचं रडणं तर नाटकातलं राहिलंच नव्हतं. प्रणोती सावकाश मागे सरकून खुर्चीला टेकली, आणि मग शेवटपर्यंत तशीच बसून राहिली.

ऋचानं 'चला बाबा, घरी चला' अगदी बरोबर म्हटलं. पडदा पडला. अशा टाळ्या त्या हॉलमध्ये पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या.

आणि मग गुणवंतरावांनी माईक हातात घेतला. भला माणूस, मैत्रीपायी करायला गेला, आणि मंडळाची रीतच तशी. "बंधुभगिनींनो, आपल्याकडे शाल घरच्या माणसाच्या हातून देतात. पूर्वी जयावहिनी द्यायच्या. आज आमच्या अंबादासला शाल घालायला मी त्याच्या लेकीला बोलावतो. प्रणोती बेटा, आ जाओ!"

अख्खा हॉल वळला. ती उभी राहायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या. पोरीनं काय करावं? नाही म्हणावं तर चारचौघांत बापाची शोभा, आणि आईनं तसं शिकवलेलं नव्हतं. तिनं हेल्मेट खुर्चीवर ठेवलं आणि ती पायऱ्या चढून आली. शाल उलगडली. अंबादासच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला. वाकून पाया पडली, तसा कोणीतरी 'वाह वाह' म्हणालं. उठताना, शालीचं टोक सारखं करत, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, इथंही सांडलाच का?"

फोटोवाला म्हणाला, "दीदी, थोडा इधर देखिए." तिनं इकडे पाहिलं. फोटो निघाला. ती पायऱ्या उतरून गेली.

अंबादास मेकअपच्या खोलीत आला. तिथं अपूर्व आणि ऋचा एकमेकांना मिठाई भरवत होते. त्यानं शाल काढून खुर्चीवर टाकली. "अपूर्व, तो सीन खोटा आहे. डबा सांडला नव्हता. मी खाल्ला होता. कलारीमागं बसून, दारूबरोबर. बायको तिकडं वाट बघून राहिली होती आणि मी इकडं तिची खिचडी खाऊन राहिलो होतो."

ऋचाच्या हातातला पेढा तसाच राहिला. अपूर्व आ वासून बघत होता. क्षणभरानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, खरं पाणी, आणि त्याच्याच पाठोपाठ तो म्हणाला, "काका, हे तर... हे तर कितीतरी जबरदस्त आहे. नागपूरच्या स्पर्धेत हेच घेऊ आपण. लोक हलून जातील."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण अंबादासला त्याच्यात आपणच दिसलो. बायकोच्या उपाशी पोटावर टाळ्या घेणारे आपण. "नाही," तो म्हणाला. "हे कुठंच घ्यायचं नाही. आणि मीही नाही येत नागपूरला." तोंडावरचा रंग तसाच ठेवून तो बाहेर पडला.

एव्हाना ती गेली असती तर बरं झालं असतं, असंही त्याला एकदा वाटलं. पण ती गेली नव्हती. बायकांनी तिला गाठलं होतं. "भाग्यवान आहेस बेटा, बाप सुधारला," "आता माफ करून टाक, म्हातारा झाला," असं जो तो सांगत होता, आणि ती 'हो काकू, हो काकू' करत वाट काढत होती. त्यांतून सुटून ती पार्किंगमध्ये पोचली तर तिच्या स्कूटरला आजूबाजूच्या गाड्यांनी असं कोंडून टाकलं होतं की मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत आरतीची तयारी चालली होती. कोणी बाहेर नव्हतं. ती स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभी होती.

अंबादास दोन हातांवर थांबला. "प्रणोती."

ती वळली नाही.

"सांडला नव्हता," तो म्हणाला. "मी खाल्ला. ग्लास नव्हता म्हणून वाटी घेतली. सगळी खिचडी मीच खाल्ली."

"लोणचं पण?" प्रणोतीनं विचारलं.

"लोणचं आधी."

तिनं डोळे मिटून घेतले. अंबादासला वाटलं, आता ही रडेल, किंवा हात उगारेल, शिव्या देईल, काहीही करो. पण ती बोलली तेव्हा तिचा आवाज साधाच होता, दमलेल्या माणसाचा असतो तसा. "तुम्ही एकदा खरं बोलले ना, की माझा राग जाईल, असं वाटायचं मला. इतकी वर्षं त्याच भरोशावर होती मी. विपुललाही सांगून ठेवलं होतं, एकदा बोलू दे त्यांना, मग मी जाईन त्यांच्याकडे." ती त्याच्याकडे वळली. रंग फासलेलं ते म्हातारं तोंड तिनं नीट पाहून घेतलं. "नाही गेला, बाबा. आत्ता तुम्ही बोलले, मी ऐकलं. पण नाही गेला."

ती खोटं बोलत नव्हती, आणि राग काढून टाकणं तिच्याही हातात नव्हतं.

"मला निघायचं आहे," ती म्हणाली. "पिल्लू वाट बघून राहिलं असेल."

आपल्याला नातवंड आहे, हे अंबादासला तेव्हा कळलं. मुलगा की मुलगी, हे त्यानं विचारलं नाही. तो पुढे झाला आणि त्यानं पहिली मोटरसायकल स्टँडवरून उतरवली. गुडघ्यातून कळ आली. ती बाजूला लावली. मग दुसरी, मग कुणाची तरी जड स्कूटर, हँडल लॉक असलेली, ती मागचं चाक उचलून सरकवली. प्रणोती मदतीला आली नाही आणि 'राहू द्या' असंही म्हणाली नाही. वाट मोकळी झाली तशी तिनं स्कूटर काढली, हेल्मेट घातलं, आणि फाटकातून उजवीकडे वळून गेली.

आत आरती सुरू झाली. ऋचा दारात येऊन 'काका, चलिए ना' म्हणाली. अंबादासनं हातानं तिला आत जा म्हणून खुणावलं, आणि बाजूला केलेल्या गाड्या एकेक करून पुन्हा जागेवर लावायला घेतल्या.